दोघांचं एक गाणं: गीतकार-संगीतकार जोडीसाठी कामाची पद्धत

जोडीने गाणी करायला बसलेले कितीतरी मित्र मी पहिल्या मोठ्या भांडणापाशी थांबलेले पाहिले आहेत. भांडणाचं कारण बहुधा एकच असतं. एकाला दुसऱ्याच्या कामात काहीतरी खटकतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. मग तो म्हणतो, ‘मजा नाही आली.’ समोरच्याच्या हातात त्या वाक्याचं करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ते मनाला लागतं. असं दोन-तीनदा झालं की भेटी कमी होतात.

म्हणून या लेखात मैत्री आणि कारागिरी मी वेगळी काढलेली नाही. गीतकाराला मात्रा मोजता आल्या आणि संगीतकाराला ओळीचा अर्थ नीट वाचता आला, तर वाद माणसांवर न जाता ओळीवरच राहतो. मी शब्दांच्या बाजूचा आहे, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील. पण पायऱ्या दोघांनी मिळून चढायच्या आहेत.

पायरी 1: जोडीदार शोधताना

तुमच्याइतकाच ‘मोठा’ किंवा तुमच्याच आवडीचा माणूस शोधू नका. तीन गोष्टी पाहा. तो काम पूर्ण करतो का? अर्धवट मुखड्यांची (गाण्याच्या सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींची) वही भरलेली आणि एकही गाणं शेवटापर्यंत गेलेलं नाही, असे गुणी लोक खूप असतात. तो ऐकतो का? म्हणजे तुम्ही कविता वाचत असताना त्याचा हात पेटीच्या पट्ट्यांवर फिरत नाही ना? आणि तिसरी गोष्ट, तुम्हाला येत नाही असं काहीतरी त्याला येतं का?

पहिल्या भेटीत स्वतःचं काही ऐकवण्याऐवजी दोघांना आवडणारं एक जुनं गाणं लावा आणि ते ओळीओळीने उलगडा. मुखडा कुठे संपतो, अंतऱ्याचा (मुखड्यानंतरच्या कडव्याचा) सूर कुठे वर जातो, कुठला शब्द गायकाने मुद्दाम हळू घेतला आहे. तासाभरात कळतं की या माणसाचे कान कुठे असतात. तुमचे कुठे असतात हेही त्याला कळतं.

पायरी 2: आधी शब्द की आधी चाल, हे प्रत्येक गाण्याला वेगळं ठरवा

यावर आपल्याकडे उगाच तात्त्विक वाद होतात. शब्द आधी असले तरच गाणं खरं, चालीवर लिहिणं म्हणजे भरणा, असं कुणीतरी हमखास म्हणतं. मला हे मुळीच पटत नाही. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या पदाचा किंवा चिजेचा उल्लेख छापलेला असतो. चालीवर शब्द लिहिणं ही सिनेमाने आणलेली सवय नाही, ती आपल्या रंगभूमीची जुनी रीत आहे. 1911 साली ‘मानापमान’ आलं तेव्हा खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांच्या चाली मिळाल्या आणि ती पदं शंभर वर्षांनंतरही मैफिलीत गायली जातात.

दुसऱ्या टोकाला ‘गीतरामायण’ आहे. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. आठवड्याला एक नवं गीत. ग. दि. माडगूळकर लिहीत आणि सुधीर फडके त्या शब्दांना चाल लावत. आखणी वर्षाच्या 52 गीतांची होती, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीतं 56 झाली. दर आठवड्याला प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असताना हे जमलं, याचं एक कारण मला असं दिसतं की शब्दच लयीत बांधलेले येत.

नव्या जोडीने पहिली दोन गाणी शब्द आधी घेऊन करावीत, असं माझं मत आहे. शब्द कागदावर असतात, दोघांनाही दिसतात, त्यांवर बोट ठेवता येतं. चाल हवेत असते, तिच्याविषयी नेमकं बोलायला थोडा सराव लागतो. तिसरं गाणं मात्र मुद्दाम चालीवर करा. संगीतकाराने ‘ला ला ला’ म्हणून किंवा डमी शब्द घालून चाल द्यावी. डमी शब्द जितके निरर्थक तितके बरे. अर्थपूर्ण डमी गीतकाराच्या डोक्यात रुतून बसतो आणि मग दुसरं काही सुचत नाही.

पायरी 3: कोण बोलतंय, कुणाशी, कुठे उभं राहून

लिहायला घेण्याआधी हे तीन प्रश्न दोघांनी मिळून सोडवा आणि उत्तरं एका कागदावर लिहा. गीतरामायणातलं जवळजवळ प्रत्येक गीत कुठल्या ना कुठल्या पात्राच्या तोंडी आहे, त्यामुळे चालीलाही बोलणाऱ्याचा स्वभाव मिळतो. आपल्या साध्या भावगीतालाही हे लागू आहे. ‘आईवर एक गाणं करू’ हा विषय झाला. ‘रात्री फार उशिरा गावी पोचलेला मुलगा दारात उभा आहे आणि आत दिवा चालू आहे’ हे गाणं झालं.

या एका वाक्यातून संगीतकाराला किती मिळतं पाहा. रात्र आहे, म्हणजे आवाज दबलेला. दारात उभा आहे, म्हणजे सुरुवातीला तो फार वर जाणार नाही. अपराधी वाटतंय पण रडारड नाही, म्हणजे लय अगदी संथ नको. हेच गाणं मी पुढे उदाहरणासाठी घेतो.

पायरी 4: मात्रा मोजा, आणि दोघांनीही मोजा

ही पायरी बहुतेक जण टाळतात. ती टाळली की पुढचे सगळे वाद ‘मला वाटतं’ वर होतात.

नियम सोपा आहे. अ, इ, उ, ऋ या स्वरांची अक्षरं लघू, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ यांची गुरू, दोन मात्रा. अनुस्वार असलेलं अक्षर गुरू. जोडाक्षराच्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर तेही गुरू, म्हणून ‘शब्द’ मधल्या ‘श’ च्या दोन मात्रा. ‘तुझ्या’ मधल्या ‘तु’ वर मात्र आघात येत नाही, म्हणून त्याची एकच.

आता तालाकडे. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा, रूपक सातचा, झपताल दहाचा. कवितेची मात्रा आणि तालाची मात्रा एकास एक जुळलीच पाहिजे असं नाही, चाल अक्षरं ओढते आणि आखडते. पण कच्चा हिशोब कळतो. भुजंगप्रयात वृत्तातला ‘लगागा’ (लघू-गुरू-गुरू) हा गट पाच मात्रांचा आहे, म्हणून दहाच्या झपतालात दोन गट सरळ बसतात. दादऱ्यात बसवायचा तर दर गटामागे एक मात्रा ओढावी लागेल. ती कुठली ओढायची, हा संगीतकाराचा निर्णय. आणि ओढल्याने शब्द बिघडला का, हे सांगणं गीतकाराचं काम.

आपल्या उदाहरणातला मुखड्याचा पहिला खर्डा असा:

उशिरा आलो दारी आई, दिवा तसाच जळता

कागदावर ओळ वाईट दिसत नाही. मोजू. ‘उशिरा आलो’ आठ. ‘दारी आई’ आठ. ‘दिवा तसाच’ सात, आणि ‘जळता’ चार. केरव्याची आवर्तनं (आठ-आठ मात्रांच्या फेऱ्या) पाडली तर तिसरं आवर्तन ‘दिवा तसाच ज’ इथे संपतं आणि चौथ्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘ळ’ वर येते. शब्द मधोमध तुटला. गाताना ऐकणाऱ्याला आधी ‘दिवा तसाच ज’ ऐकू येईल आणि मग ‘ळता’.

संगीतकार इथे ‘ही ओळ बसत नाहीये’ एवढंच म्हणाला असता, तर गीतकाराने अख्खी ओळ बदलली असती किंवा तो रुसला असता. ‘चौथी सम “ळ” वर येतेय, तिथे पूर्ण शब्द हवा, आणि शक्य असेल तर आकार, म्हणजे आ स्वर, हवा, कारण पुढे चार मात्रा धरायच्या आहेत’ असं सांगितल्यावर गीतकाराला नेमकं काम मिळतं. बदललेली ओळ:

उशिरा आलो दारी आई, दिवा राहिला जागा

‘दिवा’ तीन, ‘राहिला’ पाच, मिळून आठ. सम थेट ‘जागा’ वर. चार मात्रांचा शब्द आणि मागे चार मात्रा मोकळ्या, आकार धरायला आणि श्वास घ्यायला. शिवाय अर्थ वर गेला. आधी दिवा नुसता जळत होता, आता तो आईसारखा जागा राहिला आहे. ही सुधारणा मला कवी म्हणून एकट्याला सुचली नसती, ती तालाने सुचवली. जोडीने काम करण्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा आनंद हाच आहे.

पायरी 5: ओळ तोंडात घोळवा

मात्रा जुळल्या म्हणजे ओळ गाता येते असं नाही. चाल लावण्याआधी दोघांनी आळीपाळीने ती मोठ्याने वाचावी, आणि या गोष्टींकडे कान ठेवावेत.

ऱ्हस्व-दीर्घ. सुरावर लांबवलेला ऱ्हस्व स्वर दीर्घ ऐकू येतो आणि कधीकधी अर्थच बदलतो. ‘दिन’ ओढला की ‘दीन’ होतो, ‘सुत’ ओढला की ‘सूत’. आपल्या मुखड्यात ‘दिवा’ चा ‘दि’ समेवर आहे. तिथे लांबवण्याचा मोह होईल, पण ‘दीवा’ झालं की मराठी कान लगेच दचकतो. संगीतकाराने तो ‘दि’ आखूड ठेवून ‘वा’ वर जावं.

शब्दांची फोड. ‘ती न दिसे’ ही ओळ कागदावर स्वच्छ आहे, पण सलग गायली की ‘तीन दिसे’ ऐकू येते. श्वास कुठे तुटणार आणि दोन शब्द कुठे चिकटणार, हे चालीतच ठरतं. त्यामुळे गीतकाराने चाल ऐकताना डोळ्यासमोर कागद ठेवू नये. कागद समोर असला की डोळे कानांना फसवतात.

उच्च जागेवरचा स्वर. तार सप्तकात जिथे सूर थांबणार आहे तिथे आ, ए, ओ असेल तर गळा मोकळा राहतो. इ किंवा उ वर बहुतेकांचा आवाज आवळतो. चाल आधी असेल तर संगीतकाराने उंच जागांवर खूण करून द्यावी.

अकारान्त शब्द. बोलताना आपण ‘घर’ शेवटचा अ गिळून म्हणतो, गाण्यात तो उघडा होतो आणि ‘घर-अ’ असा लांबतो. ओळीच्या शेवटी असा शब्द आला तर तो अ धरायला पोकळ वाटतो. अशा जागी आकारान्त किंवा एकारान्त शब्द मिळतो का पाहा.

माइकसमोर फ, भ, प यांचा फुत्कार येतो. ते गायकाला आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याला सांभाळता येतं, त्यासाठी शब्द बदलू नका.

याच विषयावर यशवंत देवांनी आयुष्यभर काम केलं. ते स्वतः कवीही होते आणि संगीतकारही. शब्दप्रधान गायकीवरचं त्यांचं पुस्तक जोडीतल्या दोघांनीही वाचावं, संगीतकाराने आधी.

पायरी 6: अंतरा आणि परतीची ओळ

मुखडा झाला की नवख्या जोडीचा जीव भांड्यात पडतो आणि अंतरे घाईत उरकले जातात. खरी परीक्षा अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत असते, जिला आपण क्रॉस लाईन म्हणतो. ती चालीला मुखड्याच्या सुरापाशी आणून सोडते आणि यमकानेही मुखड्याला हात देते. आपल्या गाण्याचा पहिला अंतरा असा धरू:

वाटेवरचे गाव झोपले, मिटली सारी दारे
तुझ्या उंबऱ्यापाशी निजले रानामधले वारे
पुसले नाही काही, नुसती दिली बसाया जागा

तिन्ही ओळी मुखड्याच्याच मापाच्या आहेत, अठ्ठावीस मात्रा. दुसऱ्या ओळीत ‘उंबऱ्यापाशी’ हा शब्द आवर्तनाच्या हद्दीवर येतो आणि ‘उंबऱ्या’ व ‘पाशी’ असा फुटतो. हे चालतं, कारण फोड ‘पाशी’ या शब्दयोगी अव्ययाजवळ आहे आणि पहिला तुकडा ऐकूनही अर्थ लागतो. ‘जळता’ च्या फुटण्यात आणि या फुटण्यात हाच फरक.

तिसरी ओळ क्रॉस. तिच्यातला ‘जागा’ आणि मुखड्यातला ‘जागा’ कानाला सारखेच, पण अर्थ वेगळे. अशा ठिकाणी गीतकाराने संगीतकाराला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे तो या दोन ‘जागां’ना वेगळे सूर देईल. पहिला षड्जावर (सा) स्थिरावला असेल तर दुसरा गंधारावर (ग) थांबवून मग मुखड्याकडे येता येईल. संगीतकाराला हे माहीत नसेल तर त्याला ती कवीची आळशी पुनरावृत्ती वाटू शकते, आणि तो तसं म्हणेलही.

इथेच लांबीचा हिशोब करून टाका. लघूच्या एका मात्रेची गती मिनिटाला 160 धरली तर आपली ओळ, धरलेल्या चार मात्रांसह, 32 मात्रांची म्हणजे 12 सेकंदांची. सुरुवातीला मुखडा दोनदा, 24 सेकंद. अंतऱ्यात पहिली ओळ दोनदा, मग दुसरी, मग क्रॉस, मग मुखडा, असा एक मिनिट. दोन अंतऱ्यांचे दोन मिनिटं. सुरुवातीचा आणि मधले दोन म्युझिक पीस पंधरा-पंधरा सेकंदांचे, आणि शेवटी मुखडा एकदा. सगळं मिळून साडेतीन मिनिटांच्या आत. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावत, भावगीताचा हा घाट त्याच काळात पक्का झाला. तिसरा अंतरा लिहून झाला असेल तर तो ठेवायचा का, हे या हिशोबावरून ठरवा. गीतकाराचं मन राखायला तो ठेवू नका. मी स्वतः गीतकार असून हे सांगतो आहे.

पायरी 7: नकार देण्याची आणि घेण्याची रीत

जोडी टिकते किंवा तुटते ती इथे. म्हणून मी सुचवतो ते नियम पहिल्याच गाण्याला तोंडाने बोलून ठरवून घ्या.

खटकलेल्या गोष्टीची जागा सांगा: कुठली ओळ, कितवं आवर्तन, कुठलं अक्षर. मग तिथे काय होतंय ते सांगा: ‘शब्द तुटतोय’, ‘श्वासाला जागा नाही’, ‘ओळ दुःखाची आहे आणि चाल इथे उड्या मारतेय’. त्यापुढे थांबा. उपाय ज्याचं क्षेत्र आहे त्याने शोधायचा. संगीतकाराने शब्द सुचवला तर तो डमी समजावा, आणि गीतकाराने सूर गुणगुणला तर तो इशारा समजावा. सुचवलेली गोष्ट खरंच चांगली निघाली तर ती मोकळ्या मनाने घ्यावी, पण ‘मी सुचवलेलं का घेतलं नाहीस’ हा प्रश्न कुणीच कधी विचारू नये.

दुसरा नियम: नवी चाल किंवा नवे शब्द ऐकल्यावर लगेच मत देऊ नका. किमान दोनदा ऐका. पहिल्या ऐकण्यात गीतकार त्याच्या मनातली चाल ऐकत असतो. लिहिताना एक अस्पष्ट चाल त्याच्या डोक्यात असतेच. संगीतकाराची चाल तिच्याहून वेगळी आली की त्याला ती चुकीची वाटते. एक रात्र जाऊ द्यावी. बऱ्याचदा सकाळी आपणच नवी चाल गुणगुणत असतो.

तिसरा: प्रत्येकाला एका गाण्यात एक ‘हट्ट’ मिळावा. असा एक शब्द किंवा एक जागा, जी समजावून सांगता आली नाही तरी दुसऱ्याने मान्य करायची. एकच, त्याहून जास्त नाही. कलेत काही गोष्टी पटवून देता येत नाहीत आणि तरी त्या बरोबर असतात, त्यांच्यासाठी ही जागा ठेवायची. मर्यादा एकाची असल्याने माणूस तो जपून वापरतो, आणि ज्या गोष्टीसाठी वापरतो ती खरोखर महत्त्वाची असते.

आणि एक गोष्ट तिसऱ्या माणसासमोर कधीच करू नये. गायक, वादक किंवा घरचे बसलेले असताना जोडीदाराच्या कामातला दोष काढू नका. रेकॉर्डिंगच्या वेळी काही खटकलं तर ‘जरा बाहेर येतोस का’ म्हणावं. हे साधं आहे, पण मनं तुटतात ती बहुधा अशाच खोल्यांत.

पायरी 8: खर्डे जपा

गीतरामायणाच्या पहिल्याच गीताचा कागद हरवला, तो कुणाकडून हरवला यावरून कवी आणि संगीतकारात खटका उडाला आणि मग माडगूळकरांनी ते गीत पुन्हा लिहून दिलं, असा किस्सा सांगितला जातो. पुढे त्या गीताला भूप रागातली चाल मिळाली आणि ते घराघरांत पोचलं. आपल्याकडे कागद हरवण्याची सबब आता उरलेली नाही, तरी गोंधळ होतोच. तो वेगळ्या प्रकारचा: पाच खर्डे आणि कुठला शेवटचा ते कुणालाच माहीत नाही.

शब्दांची एकच सामायिक फाईल ठेवा. जुनी ओळ पुसू नका, तिच्याखाली नवी लिहा. ‘जळता’ ची ओळ टाकून दिलेली असली तरी ती दुसऱ्या गाण्यात उपयोगी पडेल. चालीच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या नावात गाण्याचा पहिला शब्द, चालीचा क्रमांक, पट्टी (पेटीच्या कुठल्या पट्टीला ‘सा’ धरला आहे ते) आणि तारीख घाला: ‘उशिरा, चाल 2, काळी एक, 14 जून’. पट्टी लिहिणं विशेष महत्त्वाचं. संगीतकार स्वतःच्या काळी एकमध्ये चाल बांधतो, गाणारी मुलगी काळी पाचमध्ये गाते, आणि मग मंद्रातली (खालच्या सप्तकातली) जी जागा त्याला गोड वाटत होती तिचा रंग तिच्या गळ्यात पूर्ण बदलतो. गायक ठरलेला असेल तर चाल बांधतानाच त्याची पट्टी घ्या. ठरलेला नसेल तर सगळी चाल दीड सप्तकाच्या आत ठेवा.

लांबून काम करणाऱ्या जोड्या आता पुष्कळ आहेत, एक पुण्यात आणि एक न्यू जर्सीत. त्यांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र गाण्या-वाजवण्याच्या फंदात पडू नये. आवाज पोचायला लागणारा वेळ ताल मोडतो आणि दोघांनाही वाटतं की समोरचा चुकतोय. एकाने वाजवावं, दुसऱ्याने गप्प ऐकावं. चाल पाठवताना मागे तानपुऱ्याचं आणि तालाचं ॲप लावून एकदा रेकॉर्ड करा आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गीतकाराने स्वतःच्या आवाजात शब्दांचं वाचन पाठवावं. हे सहसा कुणी करत नाही, पण संगीतकाराला ओळीचा कल कागदापेक्षा वाचनातून जास्त कळतो.

पायरी 9: हक्कांचं बोलणं, पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी

मित्राशी पैशाचं काय बोलायचं, म्हणून हे पुढे ढकललं जातं. उलट मित्र आहे म्हणूनच आधी बोला. प्रसिद्धी आणि पैसा आल्यावर हेच बोलणं दसपट अवघड होतं.

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, अशा या दोन स्वतंत्र कृती आहेत. शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार, आणि रेकॉर्डिंगचा हक्क त्याच्या निर्मात्याचा, तिसराच. शब्द आणि चाल यांच्या हक्काची मुदत कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मोठं संरक्षण दिलं: सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रिकेसाठी काम केलं तरी त्याच्या पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा हक्क त्यांच्याकडेच राहतो. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कुणाला देऊन टाकता येत नाही. अशी सोसायटी म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). गाणं बाहेर येण्याआधी दोघांनीही तिचं सभासदत्व घ्यावं आणि गाण्याची नोंद करावी.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणून कंपनीचा करार आला की ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द कुठे आहेत ते आधी शोधा, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.

तुमच्या दोघांपुरता मात्र एक पानाचा कागद पुरतो. त्यात लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, चालीत गीतकाराचा किंवा शब्दांत संगीतकाराचा खराखुरा वाटा असेल तर किती, नावं कुठल्या क्रमाने येतील, रेकॉर्डिंगचा खर्च कोण करणार, कार्यक्रमात एकटा गाणार असेल तर दुसऱ्याचं नाव घेणार ना, आणि जोडी थांबली तर अर्धवट गाण्यांचं काय. शेवटच्या प्रश्नाचं मला योग्य वाटणारं उत्तर असं: चाल लागलेली नसेल तर शब्द गीतकाराकडे परत, शब्द आलेले नसतील तर चाल संगीतकाराकडे परत, आणि दोन्ही जुळलेलं असेल तर दोघांच्या संमतीशिवाय ते तोडायचं नाही. यावर तारीख आणि दोघांच्या सह्या.

पायरी 10: गाणं बाहेर काढा आणि पुढचं सुरू करा

रफ रेकॉर्डिंग झाल्यावर ते तीन जणांना ऐकवा: एक गाणारा, एक कविता वाचणारा आणि एक या दोन्हींशी संबंध नसलेला. ‘कसं वाटलं’ असं विचारू नका. त्याऐवजी विचारा, ‘कुठला शब्द कळला नाही?’ आणि ‘कुठे लक्ष उडालं?’ दोन जणांनी एकच जागा दाखवली तर ती दुरुस्त करा. एकट्याने दाखवली तर दोघांनी मिळून ठरवा. त्यानंतर गाण्याला हात लावू नका, नाहीतर ते वर्षभर ‘जवळजवळ झालेलं’ राहील.

पुढच्या भेटीची तारीख मात्र गाणं पूर्ण झाल्याच्याच दिवशी ठरवा. त्या भेटीला गीतकाराने तीन मुखडे आणि संगीतकाराने तीन चाली आणाव्यात, एकमेकांना आधी न ऐकवता. सहाही टेबलावर ठेवा आणि कुठला मुखडा कुठल्या चालीत जातो ते गाऊन पाहा. बहुतेक जोड्या जुळणार नाहीत. एखादी थोडीशी जुळेल, एका अक्षरासाठी अडेल, आणि मग पेटी तिथेच ठेवून मात्रा मोजायला बसा.